विक्का : एका नव्या धर्माची जुनी वंशावळ

इंग्रजी भाषेंतील ‘विच्’ ह्या शब्दास मराठी प्रतिशब्द देण्याचा प्रसंग आला म्हणजे आपले कोशकार व वृत्तपत्रकार ‘चेटकीण’ हा शब्द पुढें करितात, आणि ‘विचक्राफ्ट’ म्हणजे चेटूक हें समीकरण आपोआप ठरून जातें. ‘मॅक्बेथ’ नाटकांतील तीन म्हाताऱ्यांपुरता प्रश्न होता तोंपर्यंत हें भाषांतर निभावून गेलें. परंतु गेल्या पाऊणशें वर्षांत इंग्लंड व अमेरिका ह्या देशांत ‘विक्का’ नांवाचा एक धर्म उदयास आला असून त्याचे अनुयायी स्वतःस ‘विच्’ म्हणवून घेतात, आणि तेंहि लपूनछपून नव्हे. २०२१ सालच्या शिरगणतींत इंग्लंड व वेल्स मिळून सुमारें १३,००० लोकांनीं आपला धर्म ‘विक्का’ असा लिहून दिला. हे लोक कोणावर करणी करीत नाहींत, कीं कोणाच्या गाईचें दूध आटवीत नाहींत; कोणास इजा न करणें हा तर त्यांच्या नीतीचा पहिला नियम आहे. त्यांस ‘चेटकीण’ म्हणणें हा शब्द बरोबर व अर्थ चूक अशांतला प्रकार होय.

तथापि हा नुसता भाषांतराचा प्रश्न नाहीं. विक्कापंथी लोकांनीं हें नांव बुद्ध्या घेतलें, व त्याच्या पाठीमागें एक ऐतिहासिक दावा होता. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीं युरोपांत एक निसर्गपूजक धर्म नांदत होता. ख्रिस्ती अमलाखालीं तो गुप्तपणें टिकून राहिला. सोळाव्या-सतराव्या शतकांत ज्यांना चेटकिणी म्हणून फांशीं दिलें किंवा जाळलें, तीं माणसें त्या धर्माचीं अनुयायी होतीं. आणि विक्का म्हणजे त्याच धर्माचें अखंड चालत आलेलें रूप, असें त्यांचें म्हणणें असे. हा दावा इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं, ह्याविषयीं अभ्यासकांत आतां वाद उरलेला नाहीं. पण तो कोठून निघाला, कसा ढांसळला, आणि तो ढांसळल्यानें कोणाचें काय गेलें व कोणाचें काय परत आलें, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. ‘विक्का’ हा प्राचीन इंग्रजींतील पुल्लिंगी शब्द असून त्याचा अर्थ जादू करणारा पुरुष असा आहे, स्त्रीलिंगीं ‘विच्चे’. त्या काळीं पुल्लिंगी शब्दाचाहि उच्चार ‘विच्चा’ असाच होत असे. त्यापासूनच पुढें ‘विच्’ आला. आजचे अनुयायी ‘विक्का’ असा ककारयुक्त उच्चार करितात, म्हणजे हा शब्द कानोकानीं आलेला नसून लिपीवरून उचललेला आहे, एवढी साक्ष तो उच्चारच देतो. त्याचा संबंध ‘शहाणा’ ह्या अर्थाच्या धातूशीं जोडून ‘शहाण्यांची विद्या’ असा अर्थ लावण्याची चाल पडली आहे. भाषाशास्त्रज्ञ ती व्युत्पत्ति मानीत नाहींत.

ह्या धर्माचें स्वरूप थोडक्यांत असें. एक देवी व एक देव हीं उपास्य दैवतें. देवी चंद्राशीं निगडित, देव शिंगें असलेला, रानाचा धनी. दोन अयनदिन, दोन संपातदिन व त्यांच्या मधोमध येणारे चार असे वर्षाचे आठ सण. शिवाय पौर्णिमेच्या बैठकी. जुन्या शाखांत दीक्षेच्या तीन पायऱ्या. सुरीनें वर्तुळ आंखून चार दिशांना आवाहन करावयाचें, व त्या वर्तुळांत पूजा आणि मंत्रप्रयोग चालवावयाचे. उपासकांच्या लहानशा मंडळीस ‘कव्हन’ म्हणतात. आपल्याकडील वाचकास येथें दीक्षा, मंडल, दिग्बंध असे ओळखीचे शब्द सुचतील. परंतु साम्यावरून संबंध काढण्याचा मोह आवरलेला बरा, कारण त्याच मोहानें ह्या विषयाचा घोटाळा झालेला आहे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : स्वतःस ‘विच्’ म्हणविणारे सगळेच विक्कापंथी नसतात, कित्येक मंत्रतंत्र करितात पण हा धर्म मानीत नाहींत.

आतां वंशावळीकडे वळूं. ती रचण्याचें मुख्य श्रेय एका विदुषीकडे जातें, व योगायोग असा कीं तिचा जन्म हिंदुस्थानांतला. मार्गारेट मरे ह्या इ. स. १८६३ मध्यें कलकत्त्यास जन्मल्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्या मिसर देशाच्या पुरातत्त्वाच्या अध्यापिका होत्या, व फ्लिंडर्स पेट्री ह्या थोर संशोधकाच्या हाताखालीं त्यांनीं उत्खननाचें काम केलेलें होतें. पहिल्या महायुद्धामुळें मिसरांत जाणें अशक्य झालें, तेव्हां त्यांनीं आपली बुद्धि चेटकिणींच्या खटल्यांकडे वळविली. १९२१ सालीं त्यांचा ‘पश्चिम युरोपांतील चेटकीणपंथ’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आरोपींचे कबुलीजबाब हे खुळचट कल्पना नसून एका खऱ्या धर्माचीं वर्णनें आहेत. त्यांतील ‘सैतान’ म्हणजे शिंगांचा मुखवटा घातलेला पुजारी. प्रत्येक मंडळींत तेरा जण. आणि हा पंथ सबंध युरोपभर सुसंघटित होता, असा त्यांचा सिद्धांत. पुढें १९२९ सालीं एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकांत ह्या विषयावरील लेख लिहिण्याचें काम त्यांच्याकडेच आलें. त्यांत त्यांनीं स्वतःचा सिद्धांत सिद्ध वस्तुस्थिति म्हणून घातला, व तो लेख पुढें सुमारें चाळीस वर्षें त्या कोशांत तसाच राहिला. मूळ दप्तरें पाहणारा एक, आणि कोश उघडणारे हजार. मग मत रूढ झालें ह्यांत नवल तें काय!

मरेबाईंनीं कागद पाहिले नव्हते असें मात्र कोणास म्हणतां येणार नाहीं. आमच्याकडे राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनां’च्या पहिल्या खंडास प्रस्तावना लिहिली, तेव्हांपासून बखर कच्ची व अस्सल कागद पक्का, हा धडा आम्ही सारे गिरवीत आलों. मरेबाईंचें उदाहरण ह्या धड्यास एक पुरवणी जोडतें. त्यांच्याजवळ अस्सल कागद होते. त्यांनीं ते कापले. १९७५ सालीं नॉर्मन कोन ह्या इतिहासकारानें त्यांचीं अवतरणें मूळ खटल्यांशीं ताडून पाहिलीं. तेव्हां असें दिसून आलें कीं, एखाद्या बाईनें मेजवानीस गेल्याचें सांगितलें असेल तर तेवढा भाग मरेबाई देतात. पण त्याच दमांत ती हवेंतून उडाल्याचें किंवा प्राण्याचें रूप घेतल्याचें सांगते, तो भाग गाळतात. इझोबेल गाउडी ह्या स्कॉटलंडांतील बाईचा १६६२ सालचा जबाब ह्या बाबतींत प्रसिद्ध आहे. तेरा जणांच्या मंडळीची कल्पना बरीचशी तिच्याच जबाबावर उभी आहे. परंतु हीच बाई आपण ससा झालों, कावळा झालों, टेंकडीच्या पोटांत जाऊन पऱ्यांच्या राणीकडे जेवलों, असेंहि सांगते. एकाच तोंडचें अर्धें प्रमाण मानावयाचें आणि अर्धें झांकावयाचें, हें न्यायाच्या कचेरींत चालत नाहीं; तें इतिहासांत चालूं नये. वस्तुतः ग्रंथ बाहेर पडतांच दुसऱ्याच वर्षीं जॉर्ज लिंकन बर ह्या अमेरिकन पंडितानें त्याच्यावर कडक टीका केली होती. ती विद्वानांच्या मासिकांत राहिली.

मग ते कबुलीजबाब आले तरी कोठून? ह्याचें उत्तर देणारा एक कागद जर्मनींतील बाम्बेर्ग येथें सुदैवानें शिल्लक आहे. योहानेस युनियुस हा त्या नगरीचा एक नगराध्यक्ष, वय पंचावन्न. त्याची बायको आधींच चेटकीण ठरून प्राणास मुकली होती. १६२८ सालीं त्याच्यावरहि आरोप आला. त्यानें नाकारला. मग आंगठे चेपण्याचें यंत्र झालें, पाय चेपण्याचें झालें, हात मागें बांधून दोरानें वर ओढून खालीं सोडण्याची शिक्षा झाली. शेवटीं त्यानें कबुली दिली. त्या वर्षाच्या २४ जुलैस त्यानें तुरुंगांतून आपल्या व्हेरोनिका ह्या मुलीस चोरून एक पत्र लिहिलें. चेपलेल्या हातांनीं लिहिलेलें तें पत्र वाचून मन सुन्न होतें. आपण निरपराध असून निरपराधच मरणार आहों. छळ करणाऱ्या मांगानेंच आपणास विनविलें कीं, बाबा, कांहींतरी रचून सांग, नाहींतर हे तुला सोडणार नाहींत. मग आपण एक गोष्ट रचली. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं, तेव्हां शहरांतील एकेक आळीचें नांव घेऊन तेथें कोण कोण सामील होतें हें आपणाकडून वदवून घेतलें. असा त्यांतील मजकूर आहे. पत्राच्या शेवटीं ईश्वरावरच भार टाकलेला आहे, आणि तो ईश्वर ख्रिस्ती आहे. पुढील महिन्यांत त्यास मारण्यांत आलें. त्याचा अधिकृत जबाब तेवढा वाचला, तर त्यांत सैतान आहे, मेळावा आहे, काळा कुत्रा आहे. मरेबाईंच्या कात्रीस योग्य असें सर्व कांहीं आहे. हें पत्र नसतें तर युनियुसहि एखाद्या प्राचीन धर्माचा हुतात्मा ठरला असता!

लोकसमजुती मुळींच नव्हत्या असा ह्याचा अर्थ नव्हे. कार्लो गिंझबुर्ग ह्या इटालियन इतिहासकारानें १९६६ सालीं फ्रिउली प्रांतांतील ‘बेनांदांति’ लोकांचा इतिहास प्रसिद्ध केला, तो ह्या दृष्टीनें फार मोलाचा आहे. अंगावर वार घेऊन जन्मलेल्या माणसांना तेथें विशेष सामर्थ्य असतें असें मानीत. वर्षांतून चार वेळां ठराविक रात्रीं त्यांचा आत्मा शरीर सोडून रानांत जाई, व हातांत बडिशेपेचे दांडे घेऊन चेटक्यांशीं लढे. चेटक्यांच्या हातीं ज्वारीचे ताट. बेनांदांति जिंकले तर पीक उत्तम, हरले तर दुष्काळ. १५७५ च्या सुमारास धर्मन्यायालयाच्या कानीं ही गोष्ट गेली. आम्ही चेटक्यांचे वैरी आहों, ख्रिस्ताच्या बाजूनें लढतों, असें ते बिचारे कळवळून सांगत. न्यायाधीश उलट विचारीत कीं, तुमच्या मेळाव्यांत सैतान कोठें बसतो? अशीं सुमारें सत्तर वर्षें गेलीं. शेवटीं त्यांच्याच वंशजांनीं, होय, आम्ही सैतानाच्या मेळाव्यास जातों, अशी कबुली दिली. येथें जुनी शेतकरी समजूत खरी आहे, कदाचित् ख्रिस्ती धर्मापूर्वींचीहि असेल. पण ती पाळणारी माणसें स्वतःस चेटकी समजत नव्हतीं. तें नांव न्यायाधीशांनीं त्यांच्या तोंडीं घातलें. इंग्लंडांतहि खेडोपाडीं औषध देणारे, हरवलेली वस्तु सांगणारे, चेटूक उतरविणारे ‘जाणते’ पुरुष व बायका होत्या. आपल्याकडच्या देवऋषीशीं त्यांचें नातें अधिक. म्हणजे ते चेटूक करणारे नव्हत, तर तें कोणी केलें हें सांगणारे होते.

आतां नव्या धर्माच्या स्थापकाकडे येऊं. जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) ह्यांचें बहुतेक आयुष्य पूर्वेकडे गेलें. प्रथम सिलोनांत चहाच्या मळ्यावर, मग बोर्निओंत, आणि पुढें मलायांत जकात खात्यांत. मलायी कट्यारीवर त्यांनीं १९३६ मध्यें लिहिलेलें पुस्तक आजहि त्या विषयांत मान्यता पावलेलें आहे. पेन्शन घेऊन इंग्लंडास परतल्यावर, १९३९ सालीं न्यू फॉरेस्टच्या परिसरांत एका जुन्या मंडळीनें आपणास दीक्षा दिली, असें ते सांगत. १९५१ सालीं चेटुकाविषयींचा १७३५ चा कायदा रद्द झाला, आणि १९५४ मध्यें त्यांचें ‘आजचें विचक्राफ्ट’ हें पुस्तक निघालें. त्यास प्रस्तावना कोणाची? नव्वदी उलटलेल्या मरेबाईंची. ग्रंथांतून धर्म निघाला, आणि त्या धर्मानें आपल्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून त्याच ग्रंथकर्त्रीस उभें केलें!

ज्या बाईच्या घरीं दीक्षा झाली असें गार्डनर सांगत, तिचा उल्लेख ते ‘वृद्ध डोरोथी’ असा करीत. अशी कोणी बाई झालीच नाहीं असें कित्येकांनीं ठरविलें होतें. गार्डनरांच्या शिष्या डोरीन व्हॅलिएंट ह्यांनीं १९८० नंतर दप्तरें धुंडाळून डोरोथी क्लटरबक हें नांव शोधून काढलें. ही बाई १८८० सालीं बंगाल्यांत जन्मली होती. बाई खरी निघाली. पण तिच्या उपलब्ध रोजनिशींत ख्रिस्ती भक्तीची कविता आहे, ह्या धर्माचा मागमूस नाहीं. व्हॅलिएंटबाईंच्या प्रामाणिकपणाचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. १९५३ सालीं दीक्षा घेतल्यावर, प्राचीन म्हणून दाखविलेल्या पोथींत त्यांना अलिस्टर क्राउली ह्या आधुनिक मांत्रिकाच्या लेखनांतील उतारे ओळखूं आले. त्यांनीं गार्डनरांस तोंडावर विचारलें. गार्डनर म्हणाले, तुम्हांस ह्याहून चांगलें जमत असेल तर लिहा. त्यांनीं खरोखरच लिहिलें, आणि आज ह्या पंथाच्या उपासनेंतील उत्तम गद्यपद्य भाग बहुतेक त्यांचा आहे. पोथीचें नांव ‘छायांचा ग्रंथ’. ह्या नांवाचाहि शोध त्यांनींच लावला. १९४९ सालच्या एका गूढविद्याविषयक मासिकांत मीर बशीर नांवाच्या हस्तसामुद्रिकाचा ह्याच मथळ्याचा लेख त्यांना आढळला. विषय, माणसाच्या सांवलीच्या मापावरून भविष्य सांगणारी एक संस्कृत पोथी. आणि समोरच्याच पानावर गार्डनरांच्या कादंबरीची जाहिरात! गार्डनरांनीं नांव तेथून उचललें असावें, हा त्यांचा तर्क आम्हांस पटतो.

ह्या सर्व धाग्यांचा सविस्तर उलगडा रोनल्ड हटन ह्या इतिहासकारानें १९९९ सालीं केला. (त्यांचाहि जन्म हिंदुस्थानांतला, उटकमंडचा, हा विषय आणि हा देश ह्यांचें कांहीं ऋणानुबंधी नातें दिसतें.) फ्रीमेसन लोकांचे दीक्षाविधि, १८८८ मध्यें निघालेली ‘गोल्डन डॉन’ ही मांत्रिक संस्था, क्राउली, अमेरिकन लेखक लेलंड ह्याचें १८९९ चें ‘अरादिया’, एकोणिसाव्या शतकांतील कवींची निसर्गभक्ति, आणि सर्वांच्या बुडाशीं मरेबाई, ह्या सामग्रींतून हा धर्म विसाव्या शतकाच्या मध्यास घडला. हटन ह्यांनीं हें उपहासानें लिहिलेलें नाहीं. इंग्लंडानें जगास दिलेला हा एकच धर्म, असें ते म्हणतात. आणि विशेष हें कीं, पुष्कळशा विक्कापंथी लोकांनीं हा निष्कर्ष स्वीकारला. मार्गो अॅडलर ह्या स्वतः त्या पंथांतल्या लेखिकेनें १९७९ सालींच लिहून ठेवलें होतें कीं, जुनी वंशावळ ही कथा म्हणून घ्यावी. आमच्याकडे प्रत्येक क्षेत्राचें माहात्म्य असतें. तें इतिहास नव्हे हें जाणणाराहि तेथें दर्शनास जातो. धर्म नवा आहे एवढ्यानें तो खोटा होत नाहीं. नव्यास जुनें म्हणून सांगणें तेवढें खोटें.

पण त्या जुन्या कथेंत एक गोष्ट अशी आहे कीं ती निरुपद्रवी म्हणून सोडून देतां येत नाहीं. नव्वद लक्ष चेटकिणी जाळल्या, हा आंकडा अद्यापि ऐकूं येतो. त्याचें मूळ १७८४ सालच्या फोइग्ट नांवाच्या जर्मन गृहस्थाच्या हिशेबांत आहे. क्वेडलिनबुर्ग ह्या एका गांवच्या दप्तरांतील मोजक्या खटल्यांवरून त्रैराशिक मांडून त्यानें सबंध युरोपाचा आंकडा ९४,४२,९९४ असा, एककापर्यंत अचूक, काढला! आजच्या संशोधनाप्रमाणें देहांत झालेल्यांची संख्या चाळीस ते पन्नास हजार ठरते. त्यांत सुमारें तीन-चतुर्थांश किंवा किंचित् अधिक स्त्रिया. आइसलंडांत मात्र बहुतेक सारे पुरुष. पन्नास हजार हा आंकडा लहान वाटून कोणी सुस्कारा सोडूं नये. हीं पन्नास हजार माणसें, अपवाद वगळतां, ज्या गुन्ह्यासाठीं मेलीं तो त्यांनीं केलेला नव्हता, व बहुतेकांनीं तसें ओरडून सांगितलें होतें. त्यांस एका गुप्त धर्माचे हुतात्मे म्हणणें म्हणजे त्यांच्या न्यायाधीशांचें म्हणणें निम्में मान्य करणें होय. मेळावा होता, दैवत होतें, शपथ होती, फक्त तें दैवत वाईट नव्हतें, एवढाच काय तो फरक! युनियुसानें चेपलेल्या बोटांनीं जें नाकारलें, तें त्याच्या चाहत्यांनीं तीनशें वर्षांनीं त्याच्या माथीं पुन्हा मारलें.

म्हणूनच ‘विच्’ म्हणजे ‘चेटकीण’ ह्या आमच्या सोप्या भाषांतराचा आम्हांस विषाद वाटतो. विक्कापंथी स्त्री तें नांव स्वतः घेते. चेटकीण हें नांव दुसरे देतात. सातपुड्यांतील पाड्यांवर ‘डाकीण’ ठरविलेल्या बाईचे हाल झाल्याच्या बातम्या अलीकडेहि येत असतात. तिनें कोणती दीक्षा घेतलेली नसते. गांवांत पोर दगावतें, भगतास विचारतात, आणि भगत नांव सांगतो. अमुक व्यक्ति करणी करिते असें पसरवून तिचें जिणें दुःसह करणें, हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरला आहे. ही बाई बाम्बेर्गच्या कोठडींतल्या माणसांची नातलग आहे. लंडनच्या बागेंत पौर्णिमेस वर्तुळ आंखणाऱ्यांची नव्हे. दोघींस एकच शब्द लावला कीं एकीची उपासना भयंकर दिसूं लागते, आणि दुसरीचा छळ एखाद्या चमत्कारिक विद्येचा परिणाम वाटूं लागतो.

अमेरिकेंतील सेलम हें गांव ह्या घोटाळ्याचें चालतें बोलतें उदाहरण आहे. तेथें १६९२ सालीं १९ जणांस फांशीं दिलें, व एका वृद्धास छातीवर दगड रचून मारलें. ज्यांनीं कबुली दिली त्यांचे प्राण बहुधा वांचले. फांशीं गेलीं तीं शेवटपर्यंत नाकारणारीं. एकाहत्तर वर्षांची रिबेका नर्स ही तर चर्चची जुनी, मानाची सभासद. पंचांनीं तिला प्रथम निर्दोष ठरविलें, मग निकाल फिरविला. आज त्या गांवांत जादूच्या वस्तूंचीं दुकानें आहेत, विक्कापंथी लोकांची वस्ती आहे, आणि पोलिसांच्या गाड्यांवर झाडूवर बसलेल्या चेटकिणीचें चित्र आहे. त्याच गांवांत १९९२ सालीं मृतांचें एक स्मारक बांधलें. त्याच्या प्रवेशाशीं जमिनींत बसविलेल्या शिळांवर आरोपींचे स्वतःचे शब्द कोरलेले आहेत : आपण निर्दोष आहों, देव साक्षी आहे, अशा अर्थाचे. भिंतीची कड आली कीं वाक्य मध्येंच तुटतें.

त्या खटल्यांतील एलिझाबेथ जॉन्सन नांवाच्या बावीस वर्षांच्या मुलीनें भयानें कबुली दिली होती. १६९३ सालीं तिला देहांताची शिक्षा झाली. गव्हर्नरानें ती थांबविली, पण निकाल कायम राहिला. इतरांचीं नांवें पुढें एकामागून एक निर्दोष ठरलीं, तिचें तेवढें यादींत यावयाचें राहून गेलें. तिच्या मूळ गांवच्या शाळेंतील आठव्या इयत्तेच्या मुलांनीं तें शोधून काढलें व कायदेमंडळाकडे अर्ज केले. आणि २०२२ सालीं, ३२९ वर्षांनीं, मॅसॅच्युसेट्स संस्थानानें ती चेटकीण नव्हती असा ठराव केला.